करप्याच्या बुरशींचे जिनोम ताडून पाहताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पौष-माघात पहाटे दंव पडतं, मधूनच मळभ येतं, एखादी अवकाळी सर शिंपडून जाते आणि पुढच्या काही दिवसांत हापूसचा मोहोर काळा पडायला लागतो. देवगडपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो करपा म्हणेल आणि फवारणीच्या तयारीला लागेल. हाच रोग पालवीवर तपकिरी ठिपके आणतो आणि ठिपक्यांचा मधला भाग गळून पानाला भोकं पडतात. कैरीवर मात्र तो दिसत नाही, नुसता दबा धरून बसतो. फळ आढीत पिकायला लागलं की सालीवर काळे, किंचित खोलगट डाग घेऊन वर येतो. पेटी भरताना निर्मळ दिसलेला आंबा गिऱ्हाइकाच्या घरी चार दिवसांत डागाळतो तो यामुळेच.

पाठ्यपुस्तकात याचं कारण एका ओळीत लिहिलेलं असतं: कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइड्स ही बुरशी. ही ओळ आता अपुरी आहे. २०१२ साली या बुरशीच्या अनेक जनुकांचा एकत्र अभ्यास झाला आणि ज्याला आपण एक जात समजत होतो तो २२ जातींचा गट निघाला. आंब्यावर त्यातल्या एकीपेक्षा जास्त जाती सापडतात: एशियानम, सायमेन्स, फ्रुक्टिकोला ही त्यांतली नेहमीची नावं. या तिघींना स्वतंत्र जाती म्हणून नाव मिळालं २००९ मध्ये, तेही उत्तर थायलंडमधल्या कॉफीच्या फळांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे बीजाणू इतके सारखे दिसतात की आकार मोजून जात ठरवण्याचा नाद सोडलेला बरा.

मग आपल्या बागेत नक्की कोण आहे, आणि ती बाकीच्या भाऊबंदांपेक्षा वेगळी कशात आहे, हे पाहायचं तर त्यांचे जिनोम, म्हणजे डीएनएच्या अख्ख्या अक्षरमाला, शेजारी शेजारी ठेवावे लागतात. हा लेख वनस्पती रोगशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची भीती वाटते म्हणून या विषयापासून लांब राहिलेल्यांसाठी तर नक्कीच आहे, कारण यातलं अवघड काम संगणकावर नसून त्याच्या आधी आणि नंतर आहे.

आधी प्रश्न

बहुतेक ठिकाणी गाडी उलटी जुंपली जाते. निधी मिळतो, नमुने सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, जातात, डेटा येतो आणि मग त्यात काय शोधायचं यावर बैठक बसते. दोन जवळच्या जातींच्या जिनोममध्ये लाखो अक्षरांचे फरक सहज निघतात आणि त्यातले बहुतेक रोगाशी काडीचाही संबंध नसलेले असतात. प्रश्न हाताशी नसेल तर हे फरक मोजण्यातच प्रबंध संपतो.

प्रश्न झाडाकडून यायला हवा. कोकणात असे प्रश्न भरपूर आहेत. वेंगुर्ला-सावंतवाडी भागात आंबा आणि काजू एकाच बागेत असतात. काजूच्या पालवीवर करपा आणणारी बुरशी आणि आंब्याच्या मोहोरावरची बुरशी एकच आहे का? असेल तर आंब्यावर फवारून शेजारचा काजू तसाच सोडण्यात फारसा अर्थ उरत नाही. किंवा असा प्रश्न: मोहोर करपवणारी आणि पिकल्या फळावर उठणारी बुरशी तीच की वेगळी? किंवा बागायतदाराच्या दृष्टीने सगळ्यात निकडीचा: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारूनही करपा हटत नाही, तर बुरशीतच बदल झाला आहे की फवारणीची वेळ चुकते आहे?

या तीन प्रश्नांना तीन वेगळ्या तऱ्हेचे नमुने लागतात. पहिल्यासाठी एकाच बागेतली दोन पिकं, दुसऱ्यासाठी एकाच कलमाचे वेगवेगळे भाग, वेगवेगळ्या महिन्यांत. तिसऱ्यासाठी भरपूर फवारणीची बाग आणि जिथे कित्येक वर्षं औषध पोचलेलं नाही अशी परसातली रायवळ झाडं. प्रश्न ठरला की निम्मं काम आपोआप आखलं जातं. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे की एकच प्रश्न घ्या आणि तो मार्गदर्शकांसमोर एका वाक्यात बोलून दाखवता येईपर्यंत बागेत जाऊ नका.

नमुना आणि त्याची हकिगत

नमुना कागदी पाकिटात घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पान घामेजतं आणि घरी पोचेपर्यंत त्यावर भलतीच बुरशी माजते. पाकिटावर गाव आणि तालुका, झाडाची जात, कलमाचं अंदाजे वय, झाडाचा भाग, तारीख आणि या हंगामात काय काय फवारलं हे जागेवरच लिहा. फवारणीची माहिती बागायतदार मोकळेपणाने देतात, फक्त विचारण्याची पद्धत हवी. "औषध जास्त झालं का?" असं विचारलंत तर उत्तर आखडतं मिळेल. "काका, यंदा मोहोराला पहिलं पाणी कधी दिलंत?" असं विचारलंत तर पूर्ण वेळापत्रक मिळेल, आणि रिकाम्या बाटल्यांवरची नावंही वाचायला मिळतील.

एका झाडावरून पंधरा नमुने घेण्यापेक्षा पंधरा बागांतून एकेक घ्या. एकाच फांदीवरच्या डागांमधून बहुधा एकाच बुरशीची पिल्लावळ मिळते, कारण पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू वाळक्या काटक्यांवरून खालच्या पालवीवर उडत असतात. आणि निरोगी पानांचेही नमुने घ्या. कोलेटोट्रायकमच्या बऱ्याच जाती कुठलंही लक्षण न दाखवता पानाच्या आत राहतात. डागातून बुरशी निघाली म्हणजे डाग तिनेच पाडला, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत डागाच्या कडेचा, म्हणजे निम्मा रोगट आणि निम्मा हिरवा असा ३ ते ५ मिलिमीटरचा तुकडा कापा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवून निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा, टिपकागदावर कोरडा करून बटाटा-डेक्स्ट्रोज-अगारवर ठेवा. २५ ते २८ अंश सेल्सिअसला पांढरट-राखाडी वाढ दिसते आणि पुढे नारिंगी-गुलाबी बीजाणूंचे पुंजके उठतात. त्यातला एकच बीजाणू वेगळा काढून त्यापासून नवी वाढ तयार करा. ही एक-बीजाणू पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच गाळली जाते. पुढे जिनोममध्ये दोन बुरशींची भेसळ निघाली की सगळा खर्च वाया जातो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीच्या तबकड्यांमध्ये बारीक कोळीकिडी (माइट) शिरतात आणि एका तबकडीतले बीजाणू दुसरीत नेऊन टाकतात. तबकड्यांच्या कडा पट्टीने बंद करा आणि मूळ वाढ लगेच साठवणीत ठेवा.

आता रोगाचं कारण सिद्ध करण्याचे कॉखचे नियम. वेगळी केलेली बुरशी निरोगी कोवळ्या पानावर किंवा फळावर सोडा, तोच डाग येतो का पाहा, आणि त्या डागातून तीच बुरशी पुन्हा मिळवा. ज्या बुरशीने ही परीक्षा दिलेली नाही तिचा जिनोम करू नका. मोजणीही इथेच करून ठेवा: डागाचा व्यास किती, किती दिवसांत, कोणत्या जातीच्या फळावर. महिन्यांनंतर जिनोममधला एखादा फरक सापडेल तेव्हा तो या आकड्यांशीच जोडून पाहायचा आहे.

जिनोमच्या आधी स्वस्त चाचणी

सगळ्या नमुन्यांचा पूर्ण जिनोम करायचा नसतो. आधी दोन-तीन जनुकांचे छोटे तुकडे वाचून जातीचा अंदाज घ्या. बुरशीसाठी नेहमी वापरला जाणारा आयटीएस तुकडा इथे कामाचा नाही, कारण या गटातल्या कितीतरी जातींमध्ये तो जवळपास सारखाच असतो. जीएपीडीएच, बीटा-टुब्युलिन आणि विशेषतः ॲपमॅट हे तुकडे जाती चांगल्या वेगळ्या करतात. या चाचणीनंतर प्रत्येक जातीचे आणि प्रत्येक परिस्थितीचे प्रतिनिधी निवडा. पहिल्या प्रकल्पाला आठ-दहा जिनोम पुष्कळ होतात.

डीएनएसाठी द्रव माध्यमात चार-पाच दिवस वाढलेलं कोवळं कवकजाल घ्या. जुनी काळपट वाढ घेतली तर त्यातलं मेलॅनिन आणि चिकट शर्करा डीएनएबरोबर खाली उतरतात आणि पुढची सगळी रसायनं अडतात. डीएनए वेगळा काढायची सीटॅब पद्धत याला चांगली पुरते. शुद्धतेचा २६०/२८० हा आकडा (त्या दोन तरंगलांबींना शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर) १.८ च्या आसपास आला म्हणून समाधान मानू नका, २६०/२३० सुद्धा २ च्या जवळ हवा. शर्करेची भेसळ तिथे दिसते.

किती वाचायचं

या गटातल्या बुरशींचा जिनोम साधारण ५.५ ते ६ कोटी अक्षरांचा असतो. तो ५.७ कोटी धरला आणि प्रत्येक अक्षर सरासरी ६० वेळा वाचलं जावं असं ठरवलं, तर सुमारे ३४२ कोटी अक्षरांचा डेटा मागवायचा. हा हिशेब स्वतः करा. सिक्वेन्सिंग करणाऱ्यांच्या दरपत्रकात काय लिहिलं आहे ते त्याशिवाय कळत नाही.

यंत्र डीएनए तुकड्यातुकड्याने वाचतं, त्या एकेका तुकड्याला वाचन म्हणतात. आखूड वाचनं की लांब वाचनं, हा खरा निर्णय. इल्युमिनाची वाचनं १५० अक्षरांची, अगदी बिनचूक आणि स्वस्त. नॅनोपोअर किंवा पॅकबायोची वाचनं हजारो अक्षरांची. आखूड वाचनांनी जिनोम जोडताना अडचण येते ती पुनरावृत्तीच्या भागात. सड्यावर चहूकडे सारखाच कातळ असला की धुक्यात वाट कळत नाही, दूरची एखादी खूण दिसावी लागते. तसं लांब वाचन पुनरावृत्तीच्या दोन्ही टोकांपलीकडची खूण दाखवतं. रोगाशी संबंधित जनुकं नेमकी अशाच भागांच्या आसपास असतात असं कित्येक बुरशींमध्ये आढळलं आहे. तेव्हा पैसे कमी असतील तर प्रत्येक जातीचा एकेक नमुना लांब वाचनांनी करा आणि बाकीचे आखूड वाचनांनी.

डीएनए बाहेर पाठवताना तो देशाबाहेर जाणार आहे का हे विचारून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली आपले सूक्ष्मजीवही येतात, आणि परवानगीचं काम संस्थेच्या कार्यालयातून आधीच करून घ्यावं लागतं.

जोडणी आणि तिची तपासणी

यंत्रातून आलेली वाचनं आधी फास्टक्यूसीमध्ये पाहा, फास्टपीने टोकं छाटा. आखूड वाचनांसाठी स्पेड्स, लांबसाठी फ्लाय ही जोडणीची साधनं नवख्याला पुरेशी आहेत. संगणक तगडा नसेल तर गॅलॅक्सी या मोफत सेवेवर हे सगळं ब्राउझरमधून करता येतं. गावच्या घरून, नेटवर्क येईल तेव्हा काम सुरू करून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी निकाल पाहावा, इतकं ते सोयीचं आहे.

जोडणी झाली की ती किती पूर्ण आहे हे सांगणारं बुस्को चालवा. त्याच्या ॲस्कोमायकोटा (ओडीबी-१०) संचात १,७०६ जनुकं आहेत, जी या मोठ्या गटातल्या जवळपास प्रत्येक बुरशीत एकेकच असायला हवीत. त्यातली ९७-९८ टक्के पूर्ण सापडली तर जोडणी चांगली. पण नजर 'दुप्पट सापडलेली' या रकान्यावर ठेवा. तो आकडा दोन-तीन टक्क्यांवर गेला आणि जिनोमची लांबीही अपेक्षेपेक्षा फुगली, तर तबकडीत दोन बुरशी होत्या असं समजा आणि एक-बीजाणू पायरीवर परत या. संगणकावर ती भेसळ निवडत बसू नका.

जनुकं ओळखणं: सगळ्यांना एकच माप

तुलनेसाठी सार्वजनिक जिनोम लागतील. एनसीबीआय आणि मायकोकॉझम या दोन खुल्या संग्रहांत कोलेटोट्रायकमचे पुष्कळ जिनोम आहेत. उतरवून घेताना फाइलीवरच्या जातीच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१३ मध्ये कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइड्स म्हणून प्रसिद्ध झालेला जपानमधल्या नारा इथला नमुना पुढे फ्रुक्टिकोला निघाला. प्रत्येक सार्वजनिक जिनोममधून ॲपमॅट आणि जीएपीडीएच काढून जात स्वतः पडताळा.

त्यानंतर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, सगळ्या जिनोममधली जनुकं एकाच साधनाने, एकाच पद्धतीने पुन्हा ओळखा. फनॲनोटेट बुरशीसाठी सोयीचं आहे. एक जिनोम एका प्रयोगशाळेने आरएनएच्या आधाराने चिन्हांकित केलेला, दुसरा नुसत्या अंदाजाने, तिसरा तुमचा. या तिघांची तुलना केलीत तर शेकडो जनुकं 'फक्त एशियानममध्ये आहेत' असं दिसेल. खरं तर ती सगळ्यांत असतात, एकाच्या यादीत ती लिहायची राहिलेली असतात. म्हणून एखादं जनुक एका जातीत नाही असं म्हणण्याआधी त्या जनुकाचं प्रथिन घेऊन टीब्लास्टएनने थेट जिनोमच्या अक्षरांत शोधा. तिथेही नाही मिळालं तर मूळ वाचनं दुसऱ्या जातीच्या जिनोमवर बसवून त्या जागी खरंच खड्डा आहे का ते पाहा. या दोन पायऱ्यांनंतर यादी बरीच आखडते, आणि जे उरतं त्यावर बोलता येतं.

वंशवृक्ष

ऑर्थोफाइंडरला सगळ्यांची प्रथिनं द्या. कोणतं जनुक कोणत्या जातीतल्या कोणत्या जनुकाचं भावंड आहे याचे गट तो पाडतो. ज्या गटांत प्रत्येक जिनोममधून नेमकं एकेक जनुक आहे ते निवडून, मॅफ्टने जुळवून, आयक्यूट्रीने झाड काढा. झाडाचं मूळ कळावं म्हणून या गटाबाहेरची एक कोलेटोट्रायकम, ऑर्बिक्युलारे किंवा हिगिन्सियानम, ठेवा. जीवाणूंमध्ये जात ठरवायला वापरला जाणारा ९५ टक्के साम्याचा नियम मात्र इथे आणू नका, बुरशींसाठी तो ठरवलेला नाही.

झाडाकडे पाहताना तुमचा मूळ प्रश्न विचारा. काजूवरचे नमुने एका फांदीवर आणि आंब्यावरचे दुसऱ्या फांदीवर आले, की गावानुसार मिसळले? मिसळले असतील तर बुरशी पीक पाहत नाही, शेजार पाहते.

फरक कुठे शोधायचे

तुलनेने रोग कसा उलगडतो याचं चांगलं उदाहरण २०१२ मधलं आहे. कोबीवर्गावर रोग आणणारी हिगिन्सियानम आणि मक्यावरची ग्रामिनिकोला यांचे जिनोम तेव्हा एकत्र मांडले गेले. पेक्टिन तोडणारी विकरं हिगिन्सियानमकडे जास्त निघाली. कोबीवर्गातल्या, म्हणजे द्विदल वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन भरपूर असतं, मक्याच्या भित्तिकेत कमी. बुरशीची हत्यारं यजमानाच्या भिंतीनुसार ठरलेली होती.

आंबा द्विदल आहे, तेव्हा पहिली नजर इथेच टाका. पेशीभित्तिका तोडणाऱ्या विकरांची यादी डीबीकॅनने निघते. त्यात पेक्टेट लायेज या पेक्टिन तोडणाऱ्या विकरांची कुटुंबं प्रत्येक जातीत किती ते मोजा. आढीत डाग का उठतात याचा धागाही इथेच सापडतो. कच्च्या फळाच्या सालीत रिसॉर्सिनॉल वर्गातली बुरशीरोधक द्रव्यं असतात आणि फळ पिकताना ती घटतात. त्याच सुमारास बुरशी अमोनिया सोडून आजूबाजूची आम्लता कमी करते. आम्लता कमी झाली की पॅक-सी हे नियंत्रक जनुक पेक्टेट लायेजला चालना देतं आणि फळाची भिंत विरघळायला लागते. पॅक-सी, अमोनिया बनवणारी जनुकं आणि पेक्टेट लायेज, हे तीन गट प्रत्येक नमुन्यात अक्षर न् अक्षर ताडून पाहा. काढणीनंतरच्या नुकसानीचा अभ्यास करायचा असेल तर सगळ्या जिनोमपेक्षा एवढ्याच जनुकांवर खर्च केलेला महिना जास्त फळ देईल.

दुसरा गट इफेक्टरांचा. ही छोटी प्रथिनं बुरशी पेशीबाहेर सोडते आणि झाडाचं संरक्षण गाफील ठेवते. सिग्नलपी-ने पेशीबाहेर जाणारी प्रथिनं निवडा, पेशीच्या पडद्यात अडकणारी वगळा, उरलेल्यांवर इफेक्टरपी चालवा. प्रत्येक जातीत काहीशे निघतील. हे सगळे अंदाज आहेत, एवढं लक्षात ठेवून पुढे जा. विषारी द्रव्यं बनवणारे जनुकसमूह अँटीस्मॅश दाखवतो.

तिसरी जागा म्हणजे छोटी गुणसूत्रं. हिगिन्सियानममध्ये १२ गुणसूत्रं आहेत, त्यातली २ अगदी लहान. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की या लहानांपैकी ११ वं गुणसूत्र गमावलेली हिगिन्सियानम तबकडीत नेहमीसारखीच वाढते, पण झाडावर रोग पुढे नेऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियात स्टायलोसँथेस या चाऱ्याच्या पिकावर तर ग्लोइओस्पोरिऑइड्सच्या एका प्रकारातून दुसऱ्यात सुमारे २० लाख अक्षरांचं अख्खं जादा गुणसूत्र गेल्याचे पुरावे १९९० च्या दशकातच मिळाले होते. म्हणजे तबकडीत वाढवून वाढवून तुमच्या नमुन्याने असं गुणसूत्र टाकून दिलं असेल, तर जिनोम रोगकारक बुरशीचा राहणारच नाही. मूळ वाढ लगेच साठवा असं वर म्हटलं ते यासाठीच.

एका अक्षराचा फरक: औषध का चालत नाही

नवख्याने पहिल्याच महिन्यात करून पाहावं आणि बागेला थेट उपयोगी पडावं असं हे काम आहे. कार्बेन्डाझिम बुरशीच्या बीटा-टुब्युलिन प्रथिनाला चिकटतं आणि पेशीविभाजन थांबवतं. या प्रथिनात १९८ व्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं, जनुकातली त्याची अक्षरं जी-ए-जी. मधला ए जाऊन सी आला की जी-सी-जी होतं आणि तिथे ॲलॅनिन येतं. एवढ्याने औषधाची पकड सुटते. २०० व्या जागी फेनिलॲलॅनिनचं टायरोसिन झालं तरी तोच परिणाम.

शोधताना एक खाचखळगा आहे. कोलेटोट्रायकममध्ये बीटा-टुब्युलिनची दोन जनुकं आहेत आणि हा बदल ट्यूब-२ मध्ये पाहायचा असतो. शोधात वर आलेलं पहिलं जनुक उचललंत तर चुकीच्या जनुकात १९८ वी जागा पाहाल आणि 'बदल नाही' असा निकाल द्याल. दोन्ही जनुकं काढा, आधी प्रसिद्ध झालेल्या ट्यूब-२ शी जुळवा, मधले इंट्रॉन (प्रथिनात न उतरणारे तुकडे) वगळा, प्रथिनाच्या पहिल्या मेथिओनिनपासून मोजा. मग आयजीव्ही या वाचनं दाखवणाऱ्या साधनात त्या जागी सगळी वाचनं उभी करून बघा. ही बुरशी एकपट गुणसूत्रांची आहे, म्हणून सगळ्या वाचनांत ए असेल किंवा सगळ्यांत सी. निम्मी-निम्मी दिसली तर पुन्हा भेसळीचा संशय घ्या.

ॲझॉक्सिस्ट्रॉबिनसारख्या औषधांसाठी सायटोक्रोम-बी जनुकात १४३ वी जागा पाहायची, ग्लायसिनचं ॲलॅनिन झालं का म्हणून. हे जनुक मायटोकाँड्रियात असतं. त्याची वाचनं बाकी जिनोमपेक्षा कितीतरी पट जास्त येतात आणि काही जण तो तुकडा भेसळ समजून फेकून देतात. तसं करू नका. भाषांतर करताना बुरशीच्या मायटोकाँड्रियाचा वेगळा संकेततक्ता वापरा.

निकाल आला तरी त्यावर थांबू नका. अगारमध्ये औषधाच्या वाढत्या मात्रा मिसळून बुरशी खरंच वाढते का ते मोजा. दोन्ही जुळलं तर बागायतदाराला सांगण्यासारखं काहीतरी हाती आलं. आणि सांगताना हेही सांगा की थायोफेनेट मिथाईल झाडावर गेल्यावर कार्बेन्डाझिममध्येच बदलतं. आलटून पालटून ही दोन मारली तर औषध बदललं असं होत नाही.

पुन्हा फळावर

जिनोमच्या तुलनेतून निघते ती संशयितांची यादी. ती कमी करण्यासाठी रोगट पानातला आरएनए वेगवेगळ्या तासांना काढून, कोणतं जनुक रोग लागताना जागं होतं ते बघा: बीजाणू रुजून पानाला चिकटतो तेव्हा, पेशीत गुपचूप राहतो तेव्हा, आणि पेशी मारायला लागतो तेव्हा. यादीतली दोन-चार जनुकं तरीही उभी राहिली, तर ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूच्या मदतीने ती बुरशीतून काढून टाकता येतात. त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. जनुक काढलेली बुरशी पुन्हा हापूसच्या फळावर सोडा आणि सुरुवातीला मोजलेल्या डागाच्या व्यासाशी तुलना करा. एका पदव्युत्तर प्रबंधात हे सगळं बसत नाही. यादीपर्यंत पोचलात आणि ती नीट पडताळलेली असली तरी ते पूर्ण काम आहे.

जमा करायचं ते

बुरशीची जिवंत वाढ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात द्या आणि तिथला क्रमांक घ्या. वाचनं आणि जिनोम एनसीबीआयवर किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवा. सोबत पीक, झाडाचा भाग, तालुका, तारीख आणि फवारणीचा इतिहास भरा. बागायतदाराचं नाव आणि बागेचा नेमका पत्ता सार्वजनिक नोंदीत घालू नका, तालुका पुरतो. पाकिटावर लिहिलेला नमुना क्रमांक तबकडीवर, डीएनएच्या नळीवर, फाइलीच्या नावात आणि संग्रहाच्या अर्जात तोच ठेवा. मध्ये कुठेही नवे क्रमांक सुरू करू नका.